ताळा



गेल्या दिवाळीत सांगलीला बाबांच्या जुन्या गाडीचं व्हीव्हीटी युनिट मी घरीच बदललं. ऑइलच्या दाबावर झडपा उघडण्याची वेळ मागेपुढे करणारा हा भाग. तो झिजला, की गाडी सुरू होताना खडखडते.

नवं युनिट बसवलं, बोल्ट आवळले. बाबा चावी फिरवणार, इतक्यात साताऱ्याचा वर्ग आठवला. ‘उत्तर आलं? आता ताळा करा.’

पाना लावून क्रँकशाफ्ट हातानेच दोन फेरे फिरवला. म्हणजे कॅमशाफ्टचा एक फेरा. खुणा जुळेनात! टायमिंग चेन दोन दात सरकली होती. गाडी तशीच सुरू केली असती, तर झडपा पिस्टनवर आदळू शकल्या असत्या.

सगळं पुन्हा खोललं, बसवलं, ताळा केला. मगच चावी.

बाई, ऑफिसात आम्ही याला टेस्टिंग म्हणतो. पण शिकले ते तुमच्याकडेच.