यंत्र जागा सांगतं, हद्द नाही
(जिल्हा मेळाव्यात मावळच्या शेतकऱ्यांनी केलेलं भाषण)



आम्ही मावळातली माणसं. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तीन खोऱ्यांतून आलो आहोत. आमचं पीक भात. लोणावळ्याला एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तुम्ही त्याच्या पाचव्या हिश्श्यावर कापूस आणि ज्वारी उभी करता. तेव्हा पिकाबद्दल तुम्हाला शिकवायला आम्ही आलेलो नाही. आलो आहोत ते बांधाबद्दल बोलायला. तुमच्याकडे कोणी त्याला धुरा म्हणतं. नाव काही असो, भांडण सगळीकडे एकच.

आमच्या मावळात जमीन आधी रेल्वेला गेली, मग टाटांच्या धरणांना, मग पवना धरणाला, मग २००२ साली पुरा झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीच्या आंदोलनात बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. उरलेल्या जमिनीचा भाव आज एकरात बोलत नाहीत, गुंठ्यात बोलतात. तुमच्या भागातून समृद्धी महामार्ग गेला, ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये पुरता खुला झाला. म्हणजे ज्या वाटेनं आम्ही गेलो त्याच वाटेनं तुमचीही गाडी निघाली आहे. पुढच्या मोजणीला येणारा माणूस साखळी घेऊन येणार नाही. काठीच्या टोकाला एक डबी आणि हातात पाटीएवढा पडदा घेऊन येईल. ती डबी काय करते हे आपल्याला कळलं नाही, तर तो दाखवील ती हद्द आणि सांगेल ते क्षेत्र.

हिशेब साधा आहे. शंभर मीटर लांबीचा बांध एक मीटर सरकला की शंभर चौरस मीटर गेले. सातबाऱ्यावर तो एक आर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तुमच्या शेताचा धुरा दोनशे-तीनशे मीटरचा असतो. तिथं एका पावलाची किंमत काय, ते घरी जाऊन मांडा.

डबी काय करते

उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून संदेश सोडतात. हवेच्या थरांतून येताना त्यात चूक शिरते. म्हणून खिशातला मोबाईल जागा सांगतो ती तीन-पाच मीटर इकडे-तिकडे. यावर तोड अशी निघाली, की एक यंत्र आधीच ठाऊक असलेल्या जागेवर ठाण मांडून बसवायचं. त्याला बेस म्हणतात. त्याला स्वतःची जागा माहीत असते, त्यामुळे या घडीला उपग्रह किती चुकताहेत ते त्याला कळतं. ती चूक तो दुसऱ्या, हिंडत्या यंत्राला कळवतो. तो रोव्हर. रोव्हर ती चूक वजा करतो आणि जागा एक-दोन सेंटिमीटरवर येते. बेसपासून जितकं लांब जावं तितकी चूक वाढते, साधारण दर किलोमीटरला एक मिलिमीटर.

यात मेख एकच आहे. बेसची जागा ठाऊक असली पाहिजे. बेसलाच स्वतःची जागा चुकीची सांगितली, तर तो ती चूक मोठ्या प्रामाणिकपणे सगळ्या शेतांना वाटतो.

आमच्या अंगावर आलेली गोष्ट

नाणे मावळातल्या आमच्या एका भाऊबंदानं खासगी मोजणीदार बोलावला. यंत्र नवंकोरं, किंमत काही लाखांत. पहिल्या वर्षी नकाशा काढला. दुसऱ्या वर्षी त्याच नकाशावरून खुंट्या मारल्या आणि सिमेंटचे खांब रोवून तारेचं कुंपण घातलं. शेजारी म्हणाला, कुंपण माझ्या खाचरात आलं. त्यानं दुसरा मोजणीदार आणला. त्याची रेघ वेगळी. दोघंही म्हणत, आमचं यंत्र सेंटिमीटरचं. काठ्या बाहेर निघायच्या बेतात होत्या.

आम्ही काही जण मध्ये पडलो. भूमि अभिलेख कार्यालयातून टिपणाची नक्कल काढली, जुने तीन दगड शोधले, तिथून पुन्हा मोजलं. काय निघालं? भाऊबंदाच्या तुकड्याची लांबी बरोबर, रुंदी बरोबर, क्षेत्र बरोबर. फक्त सगळा तुकडा उचलून एक मीटर ऐंशी सेंटिमीटर पूर्वेला ठेवलेला. दोन्ही वर्षी बेस मोकळ्या रानात उभा केला होता आणि ‘मी उभा आहे तीच जागा धर’ असं बटण दाबलं होतं. ती जागा दर वेळी वेगळी येणारच. बांध एकशे दहा मीटरचा. म्हणजे दोन गुंठ्यांच्या आसपास जमीन एका बटणानं सरकली. लबाडी कुणाचीच नव्हती. खांब उपटण्याचा खर्च मात्र शेतकऱ्याच्याच माथी आला.

साखळी आणि उपग्रह

इंग्रजांनी १८३५-३६ मध्ये आमच्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. आपल्या टिपणात लिहिलंय ते एवढंच, की या दगडापासून त्या दगडापर्यंत इतक्या साखळ्या, इतके आणे. अक्षांश-रेखांश त्यात नाही. म्हणून उपग्रहाचा आकडा जुन्या दगडांशी जोडल्याशिवाय त्याला शेताच्या हद्दीत अर्थ नाही. ऑफिसात बसून जुन्या नकाशावर नवी रेघ चढवली, तर १:५००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची जाडी म्हणजे रानात अडीच मीटर होतात.

आणि भावाभावांनी अंदाजानं घातलेला बांध, न मोजलेला पोटहिस्सा, गट पडताना राहिलेली चूक, यातलं काहीही यंत्र दुरुस्त करत नाही. यंत्र सांगतं ही जागा इथं आहे. ती कुणाची आहे हे दप्तर सांगतं. भाड्याच्या यंत्रानं केलेली मोजणी आपल्या माहितीसाठी. हद्द कायम होते ती भूमि अभिलेख खात्याच्या नोंदीत.

घ्यायचं कोणतं?

एकट्या शेतकऱ्यानं यंत्र विकत घेऊ नये. वर्षातून दोन दिवसांचं काम, त्यासाठी लाखो रुपये अडकवायचे नाहीत. पाच-दहा गावांच्या गटानं घ्यायचं असेल किंवा दिवसाच्या भाड्यानं आणायचं असेल, तर आमचा अनुभव ऐका.

पहिली गोष्ट, जोडी घ्यायची की नुसता रोव्हर. भारतीय सर्वेक्षण विभाग आणि राज्याचा भूमि अभिलेख विभाग यांनी मिळून महाराष्ट्रात ७७ कायमची संदर्भ स्थानकं उभारली आहेत. नोंदणी केली की त्यांची दुरुस्ती मोबाईलच्या जाळ्यावरून थेट रोव्हरला मिळते. स्वतःचा बेस लागत नाही. तुमचा प्रदेश सपाट, आभाळ मोकळं. शिवारात मोबाईलची रेंज चांगली असेल तर एक रोव्हर पुरे, निम्मा पैसा वाचला. आमच्या आंदर मावळात डोंगराआड रेंज जाते, म्हणून आम्हाला रेडिओवर बोलणारी जोडी लागते. पण रेडिओलाही मध्ये टेकडी चालत नाही. बेस उंचावर ठेवावा लागतो. त्या रेडिओला वायरलेस परवाना लागतो का, हेही विकणाऱ्याकडून लेखी घ्या. जिथं दोन्ही थकतात तिथं कच्ची नोंद साठवून घरी हिशेब करता येईल असं यंत्र हवं.

दुसरी गोष्ट, यंत्र किती प्रकारचे उपग्रह आणि किती लहरी धरतं. अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि आपले नाविक. झाडीत आणि दरीत जितके जास्त दिसतील तितकं बरं. लोणावळ्यात बंगल्यांच्या भिंती आणि पत्र्यांवरून संदेश उसळून येतो, तिथं भारी यंत्रही फसतं. असा कोपरा टेपनं मोजावा, त्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, पडद्यावर ‘फिक्स’ आल्याशिवाय बिंदू घेऊ देऊ नका. ‘फ्लोट’ असेल तर अर्धा मीटरही चुकेल. ‘फिक्स’ आला तरी तोच कोपरा दोन-तीन तासांनी पुन्हा मोजायला लावा. दोन्ही आकडे दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जुळले तर खरं.

बाकी वाकड्या काठीनं मोजणारी सोय, रंगीत पडदा, या गोष्टी विकणारा पुष्कळ सांगेल. तुम्ही विचारा, बॅटरी जिल्ह्यात मिळते का, बिघडलं तर दुरुस्त कोण करतो, आणि बिंदूंचे आकडे साध्या तक्त्यात काढून देता का?

गावची खूण

शेवटची गोष्ट, तीच मुख्य. भांडण मिटल्यावर आम्ही गावात देवळामागच्या कातळावर छिन्नीनं फुली कोरली. वेगवेगळ्या दोन दिवशी संदर्भ स्थानकांवरून तिची जागा काढली, आकडे जुळले, वहीत लिहिले, भिंतीवर रंगवले. आता गावात कुणीही मोजणीला आला की आधी काठी त्या फुलीवर ठेवायची. त्याचा आकडा आमच्या आकड्याशी जुळला तर पुढं शेतात जायचं. नाही जुळला तर चहा पाजून परत पाठवायचा. खर्च एका दिवसाच्या भाड्याचा.

तुमच्याकडे काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, धुऱ्यावरचा दगड कलतो. म्हणून खूण काळ्या मातीत रोवू नका. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा आणि तिथून सिमेंट भरा, वर आभाळ मोकळं असेल अशा जागी.

आणि रस्त्यासाठी, कालव्यासाठी, कशासाठीही मोजणी आली, तर तीन प्रश्न विचारल्याशिवाय पंचनाम्यावर सही करू नका. बेस कुठं होता? जुने कोणते दगड धरले? माझ्या कोपऱ्यांचे आकडे मला लेखी कधी देणार?

आमच्या बापजाद्यांनी साखळी ताणणाऱ्यापुढं हात जोडले, कारण टिपण त्यांना वाचता येत नव्हतं. आपल्याला वाचता येतं. आज इथून गावी गेल्यावर मुरमाची एक पक्की जागा शोधा. कापूस वेचणीआधी खूण बसली पाहिजे. पुढच्या मेळाव्याला येताना आपापल्या गावच्या खुणेचे आकडे वहीत लिहून आणा. आम्ही आमची वही घेऊन येऊ.