मणक्याचे विकार आणि डॉ. रामाणी यांचा आदर्श



जासई परिसरातील कंटेनरचालक, न्हावा शेवा बंदरातील कामगार आणि भातलावणी करणाऱ्या भगिनी यांना कंबरदुखी नवी नाही. मात्र अपंगत्वाची भीती आणि खर्चाची चिंता यांमुळे उपचार लांबतात. भीतीविषयी बोलताना डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे स्मरण होते. गोव्यातील खेड्यात जन्मलेल्या या न्यूरोसर्जननी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे अनुभव घेतला आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सेवा केली. पाठीकडून खराब चकती काढून दोन मणके हाडाने सांधण्याच्या ‘प्लिफ’ शस्त्रक्रियेसाठी ते ख्यातकीर्त झाले. ‘ताठ कणा’ हे त्यांचे आत्मचरित्र.

बहुतांश कंबरदुखी औषधे व व्यायामाने बरी होते. शस्त्रक्रिया मोजक्यांनाच लागते. परंतु पायांतील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे किंवा मांड्यांमध्ये बधिरता येणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विलंबाने झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही.

खर्चाविषयी सांगणे हे माझे काम. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. हा रुग्णाचा हक्क आहे. तो निःसंकोच मागावा, ही नम्र विनंती.