दिवाळ्याची नोटीस कोणाला?



वसंत व्याख्यानमालेत दिवाळखोरीचा विषय घेतो म्हटल्यावर संयोजक थोडे बिचकले. मी वकील नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कोर्टाच्या व्हरांड्यात पुष्कळ झाले. तेथे जे कळले तेवढेच सांगतो.

जुम्मा तलावाजवळची एम्प्रेस मिल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. जमशेटजी टाटांनी ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, म्हणून हे नाव. शंभरावर वर्षे चाललेली ही मिल 1986 साली बुडाली, राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने चालवायला घेतली आणि 2002 साली ती कायमची बंद पडली. त्या जागेवर मॉल उभा राहिला. 2019 साली बँकेच्या कर्जाच्या एका प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने त्या मॉलवरही टाच आणली. जमीन जागच्या जागी असते, तिच्यावर हक्क सांगणारे तेवढे बदलतात. त्या हक्कदारांच्या रांगेत कामगार कोठे उभा असतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

पूर्वी तो जवळजवळ रांगेबाहेरच होता. ज्याचे तारण, त्याने ते विकून घ्यावे. उरले तर इतरांनी पाहावे, असा न्याय. कंपनी मोडण्याच्या अर्जात कामगारांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1982 मध्ये सांगितले, आणि तेही पाचांपैकी तीन न्यायमूर्तींच्या मताने. 1985 च्या दुरुस्तीने कामगाराची थकबाकी तारणवाल्या धनकोच्या बरोबरीला आली. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनेही ती बरोबरी ठेवली आहे. समजा, मालमत्ता विकून, खर्च जाऊन, पाच कोटी उरले. बँकांचे येणे आठ कोटी, कामगारांचे दोन. तर प्रत्येकाला रुपयात आठ आणे. कामगारांना एक कोटी, बँकांना चार.

पण यात एक खोच आहे. ही बरोबरी मालमत्ता विकून कंपनी मोडण्याचा हुकूम ज्या दिवशी होतो, त्याच्या मागच्या 24 महिन्यांपुरतीच. त्याआधीचा पगार राहिला असेल तर तो खाली, सरकारी देण्याच्याही मागे जाऊन बसतो. म्हणजे गेटवर कुलूप लागल्यावर आम्ही ‘आज ना उद्या मिल सुरू होईल’ म्हणून वाट पाहत राहिलो, तर प्रत्येक महिन्यागणिक आमचा हक्क झिजत जातो. प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांच्या फंडांतली कामगारांची रक्कम मात्र या वाटपात धरत नाहीत. मालकाने ती भरलीच नसेल, तर तो निराळा झगडा.

वाट पाहायची नाही, तर करायचे काय? थकलेल्या देण्याची नोटीस कंपनीला द्यायची. दहा दिवसांत तिने पैसे दिले नाहीत, किंवा या देण्याबद्दल आधीपासून तंटा आहे असे दाखवले नाही, तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. महाराष्ट्राचे खंडपीठ मुंबईला. शिवाय 2020 पासून निदान एक कोटीची थकबाकी हवी. एकट्या विणकराची एक कोटीची थकबाकी कधी असते काय? पण पन्नास-पन्नास हजारांची दोनशे माणसे एकत्र आली की कोटी भरतो. युनियनला असा अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2019 रोजी कानपूरच्या एका ज्यूट मिलच्या प्रकरणात ठरवले. त्याआधी अपील न्यायाधिकरणाने, प्रत्येक कामगाराने वेगळा अर्ज करावा, असे म्हटले होते!

दुसरी नोटीस उलट दिशेने येते. प्रकरण दाखल झाले की नेमलेला अधिकारी तीन दिवसांत एका इंग्रजी आणि एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. त्याच्या नेमणुकीपासून 14 दिवसांत दावा मागितलेला असतो. उशिराचा दावा काही मुदतीपर्यंत घेतात, पण तोवर धनकोंच्या सभा सुरू झालेल्या असतात.

विदर्भातल्या एका कारखान्याची अशीच सूचना निघाली. आम्हाला ती एकोणिसाव्या दिवशी मिळाली. एक म्हातारा जॉबर कात्रण घेऊन आला. मी चिडलो, इतके दिवस कुणाच्या नजरेस कसे पडले नाही म्हणून. तो म्हणाला, “भाऊ, मिल बंद पडल्यावर घरी पेपर कोन घेते?” मला उत्तर देता आले नाही. माणसे पांगली होती. कोणी ऑटो चालवत होते, कोणी गावी कापूस वेचायला गेले होते. आम्ही फॉर्म भरले. ज्यांच्याजवळ पगाराच्या चिठ्ठ्या होत्या त्यांचे दावे लागले. ज्यांनी त्या कामाच्या नाहीत म्हणून फेकल्या होत्या, त्यांच्यापैकी पुष्कळांना हात हलवत परत जावे लागले. कायदा तोच, कारखाना तोच, साचाही शेजारचाच.

आपण सारे वाचणारे लोक आहात. लग्नाच्या जाहिरातींशेजारी बारीक टायपात त्या सूचना असतात. आमच्या कार्यालयात आता एक मुलगा रोज सकाळी त्या चाळतो. गेल्या आठवड्यात त्याला एक सापडली. सहा दिवस उलटून गेले होते. त्या कारखान्याची माणसे उद्या सकाळी नऊ वाजता फॉर्म भरायला येणार आहेत. आपल्या शेजारी त्यांच्यापैकी कोणी राहत असेल, तर पगाराच्या चिठ्ठ्या आणि हजेरीचे कार्ड घेऊन यायला सांगा.