यकृताचा आंकडा वाढतो तेव्हां

कुंडल गांवाला कुस्तीच्या मैदानाची मोठी परंपरा आहे. तेथें झुंजलेल्या एखाद्या मल्लाचें रक्त दुसऱ्या दिवशीं तपासलें, तर यकृताच्या सदराखालीं वाढलेला आंकडा दिसूं शकतो. यकृत मात्र ठणठणीत असतें. हें कोडें उलगडलें म्हणजे या तपासणीचें निम्में मर्म हातीं आलें.

एसजीओटी व एसजीपीटी हीं दोन विकरें पेशींच्या आंत काम करतात. पेशी दुखावली कीं तीं रक्तांत झिरपतात. साधारणतः दर लिटरला 40 एककांपर्यंतचा आंकडा स्वाभाविक मानतात. पैकीं पहिलें विकर स्नायूंत व हृदयांतही विपुल असतें. दुसरें मुख्यतः यकृतांत. मल्लाचा आंकडा स्नायूंची साक्ष देतो, ती अशी.

शहरांतील घरांत आज वारंवार आढळणारें कारण म्हणजे यकृतांत सांचलेली चरबी. बैठें काम, सुटलेलें पोट व मधुमेह यांच्या संगतीनें ती वाढते, आणि दारूला कधीं न शिवलेल्यासही गांठते. वजन शेंकडा 7 ते 10 नें उतरल्यास असें यकृत बहुधा सुधारतें.

दुसरें कारण दारू. 1943 ते 1946 या काळांत ज्या प्रतिसरकारचें कुंडल हें एक प्रमुख केंद्र होतें, त्यानें दारूबंदीचा आग्रह धरला होता. दारूनें पोळलेल्या यकृतांत बहुधा एसजीओटीचा आंकडा एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक भरतो.

तिसरें कारण विषाणू. 2012 सालीं इचलकरंजींत दूषित पाण्यावाटे ई प्रकारच्या काविळीची साथ आली व माणसें दगावलीं. गरोदर स्त्रीस हा प्रकार विशेष घातक आहे. ब व क हे प्रकार रक्तावाटे येऊन वर्षानुवर्षें मुकाट राहतात. ब प्रकारावर लस आहे. क प्रकार आतां सुमारें 12 आठवड्यांच्या गोळ्यांनीं बहुतेकांचा बरा होतो.

चौथें कारण औषधें. क्षयावरील आयसोनायाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड यांनीं आंकडा चढूं शकतो. तथापि तीं आपल्याच मनानें सोडणें म्हणजे क्षयाला मोकळें रान देणें होय. झाडपाल्याविषयींही बेसावध राहूं नये. 2021 सालीं मुंबईच्या तज्ज्ञांनीं गुळवेल घेतल्यावर यकृतदाह झालेल्या 6 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानें त्या निष्कर्षास हरकत घेतली. वाद कांहींही असो, घेतलेला काढा डॉक्टरांपासून लपवूं नये.

उलटपक्षीं, जुनाट विकारानें आकसलेल्या यकृताचा आंकडा स्वाभाविकही येतो, कारण झिरपण्याजोग्या पेशीच थोड्या उरलेल्या असतात. आंकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. किंचित वाढ दिसल्यास घाबरूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं आठवड्यांनीं रक्त पुन्हां तपासावें. मात्र डोळे पिवळे झाले, भ्रम झाला किंवा रक्ताची उलटी झाली, तर काविळीची माळ घालण्यांत वा ती उतरविण्यांत घटका न दवडतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.