गटाराची भिंत

रात्री-अपरात्री ज्यांचा फोन वाजतो अशा माझ्या सर्पमित्रांनो, अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. तो छापून तुमच्या पिशवीत घातला आहे, जेवणानंतर चाळा. मला आज गटाराबद्दल बोलायचे आहे.

काल संमेलनात दिवसभर आपण भांडलो ते पकडलेला साप किती लांब सोडावा यावर. पकडलेला! नाग-घोणस घरात शिरले की फोन येतो. खापरखवल्या सापासाठी आजवर कुणाला फोन आलाय? बिचारा बिनविषारी, गांडुळे खाऊन मातीतच राहणारा, ढालीसारख्या खरखरीत शेपटीवर चिखल घेऊन फिरणारा. भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडली तर हे कूळ जगात कुठे नाही. त्यातल्या काही जाती तर सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरांपुरत्याच. १८८८ साली एका जातीला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फिप्सनसाहेबांचे नाव मिळाले. साहेबांचे नाव टिकले, सापाचे सांगता येत नाही.

पाऊस लागला की हा साप मातीतून वर येतो. त्याआधी मे महिन्यात आपल्याकडे ‘पावसाळापूर्व कामे’ निघतात. जेसीबी घाटरस्त्याची साईडपट्टी खरवडतो, दरडीचा पायथा कापतो आणि मातीच्या चराच्या जागी काँक्रीटचे गटार येते. भिंती सरळसोट उभ्या.

कामावर सर्पमित्र नेमा, असे काल काही मित्र म्हणाले. ठेकेदाराला आणखी काय हवे? आपण एक धामण धरायची, फोटो काढायचा, की त्याचे यंत्र सुरू. मातीखालचा साप तुमच्या स्टिकला लागणार आहे का?

एका घाटातली गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. पाऊस नुकताच उघडला होता. नव्या गटारात खापरखवले भिंतीला नाक घासत सरकत होते. कोपऱ्यापर्यंत जायचे, वळायचे, पुन्हा तेच. काही मोरीच्या जाळीपाशी मरून पडलेले. अभियंता म्हणाला, “साहेब, नकाशात भिंत उभीच आहे.” मुकादम काही बोलला नाही. त्याने कामावरच्या बायकांना हाक दिली. त्यांनी उरलेली खडी आणि माती घमेल्यांनी आणून भिंतीला उतरती टेकवली. आमचा चहा संपायच्या आत एक साप त्या उतारावरून चढून पाचोळ्यात गेला. पुढच्या पाहणीत ती खडी ‘गटारातला राडारोडा’ म्हणून उचलली गेली, हेही सांगून ठेवतो.

पेंचमध्ये वाघांसाठी ४४ क्रमांकाच्या महामार्गाखालून वाटा काढल्या. उत्तम झाले. आमच्या सापाला पूल नको, दोन घमेली खडी हवी, आणि ती राडारोडा नाही हे निविदेत लिहिलेले हवे.

तेव्हा कामे अशी. गटाराला ठरावीक अंतरावर उतार, हे कलम कुणीतरी अभियंत्यांच्या भाषेत लिहून द्यावे. जिल्हावार घाटांची यादी करावी, कोण करणार ते चहाला ठरवू. कापणी-खोदाईचे वेळापत्रक वनखात्यासमोर मांडावे, कसे ते पाहू. मात्र संध्याकाळच्या ठरावात गटाराचे कलम नसेल, तर त्याखाली माझी सही मागू नका.