हिवाळ्याची हवा आणि आपली मागणी

(मंडळाच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



शहराच्या हवेचा विषय निघाला की आपण पटानचेरू, बोल्लारम, जीडीमेटला, काटेदान ही नावे घेतो. कारखान्यांनी हवा नासवली, सरकारने ते हलवावेत, एवढे म्हटले की आपल्यापुरता विषय संपतो. कारखानदारांना माफी द्या असे मी म्हणत नाही. नक्कावागु नाल्याकाठच्या शेतीचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि बोल्लारमकडच्या लोकांची रात्रीच्या उग्र वासाची तक्रारही जुनी आहे. पण आपल्या जामबागेत हवा केव्हा बिघडते ते पाहिले, तर दोष कोणाचा याचे उत्तर थोडे बदलते.

ती बिघडते कार्तिकापासून माघापर्यंत. या दिवसांत रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. वाराही मंद असतो. रात्री उशिरापर्यंतचा आणि पहाटेचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन तापले की नऊ-दहाच्या सुमारास झाकण उचलले जाते. म्हणून डिसेंबरात पहाटे पाचला पब्लिक गार्डनला फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी थोडे उशिरा निघावे, हे जाता जाता सांगतो. उन्हाळ्यात हाच धूर उंच चढून विरळ होतो, मात्र कडक उन्हात ओझोनचा त्रास वाढतो. पावसाळ्यात हवा धुतली जाते.

आता वाऱ्याची दिशा पाहा. पटानचेरू आपल्या वायव्येला, सुमारे तीस किलोमीटरवर. तिकडचा वारा आपल्याकडे येतो तो मुख्यतः पावसाळ्यात, तेव्हा पाऊस मदतीला असतो. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडचा. म्हणजे ऐन वाईट महिन्यांत आपण श्वासात घेतो त्यातले बरेचसे कोठीच्या चौकातले, पुतळीबावलीच्या कोंडीतले, बेगम बाजारात माल उतरवणाऱ्या गाड्यांचे आणि कोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्याचे असते. २००५-०६ मध्ये पंजागुट्टा, चिक्कडपल्ली आणि हैदराबाद विद्यापीठ येथे हवेतल्या धुळीचे नमुने तपासले गेले. त्यातही वाहनांचा धूर आणि रस्त्यावरून उडणारी धूळ यांचाच वाटा मोठा निघाला.

मग सरकारी आकड्यांत हे ठळक का दिसत नाही? कारण वर्षाची सरासरी. अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात. त्यांची वार्षिक मर्यादा आपल्या देशात २००९ पासून घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली, तो वेगळा विषय.) समजा, पावसाळ्याचे चार महिने २०, उन्हाळ्याचे चार ३५ आणि हिवाळ्याचे चार ६५. सरासरी बरोबर ४०! कागदावर शहर पास, आणि दम्याचा रोगी चार महिने हैराण. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हैदराबाद, नलगोंडा व पटानचेरू यांची नावे आली, पण उद्दिष्ट पुन्हा वार्षिक सरासरीचेच.

राजकारण इथे येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने जुन्या औद्योगिक वसाहतींच्या जमिनी घरे, कार्यालये अशा वापरासाठी खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. जमिनीच्या भावावरून विधानसभेत आणि बाहेर पुष्कळ वाद झाला. हवेबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी गृहीत धरले की कारखाना गेला म्हणजे हवा सुधारली. आझमाबादसारख्या भर वस्तीतल्या वसाहतीत शेड पाडून मनोरे उभे राहिले, तर आधी पाडकामाची धूळ येईल आणि मागून हजारो गाड्या. चिमणी गेली, सायलेन्सर आले. हा सौदा आपल्याला विचारून व्हायला हवा.

म्हणून कोणत्याही पक्षाचा उमेदवार मत मागायला आला, की हवा सुधारू या आश्वासनावर त्याला सोडू नका. हिवाळ्याचा हिशेब वेगळा मागा. दसऱ्याच्या आत रस्त्याकडेचा मलबा उचलणार का? झाडू मारण्याआधी पाणी शिंपडणार, की आहे ती धूळ उडवणार? मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाभोवती उंच पत्रे आणि ओले कापड सक्तीचे केले, तसे इथे का नको? उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंडाचा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश डिसेंबर २०१६ चा आहे. आपल्या वॉर्डात किती जणांना तो झाला?

आपणही थोडे करू शकतो. सुलतान बाजार आणि उस्मानिया मेडिकल कॉलेज ही दोन मेट्रो स्थानके पायी अंतरावर आहेत, तरी लग्नसराईत आपल्याच गाड्या गल्ली अडवतात. वाड्यातला पालापाचोळा पेटवण्याची सवयही आपलीच.

या प्रश्नांचे निवेदन मराठी, तेलुगू आणि उर्दूत तयार केले आहे. ते महापालिका आणि सनतनगरच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे श्रावण संपण्यापूर्वी द्यायचे आहे. घरटी एक सही हवी. कागद बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे.