पत्रपेटीवरचं नाव



आयोजकांनी मला विषय दिला आहे तो जर्मनीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या दिवसांचा. समोर गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीहून आलेली मुलंमुली बसली आहेत. गरम कपडे कोणते घ्यायचे आणि बॅगेत लोणचं किती न्यायचं यावर मी बोलणार नाही. ते यूट्यूबवर भरपूर आहे. पैशांबद्दल मात्र आधी बोलते, कारण त्याबद्दल आपल्याकडे फार अफवा आहेत.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं आहे. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यात 2017 पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1500 युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात आणि तिथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. पैसे तुमचेच असतात, पण ते आधी उभे करावे लागतात. राईस मिलमध्ये हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या घरात दहा लाखांवर रक्कम एकदम उभी राहत नाही, हे मला माहीत आहे. माझे अब्बा तेच काम करायचे. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्रही लागतं. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी जो करार केला, तो कुशल कामगारांसाठी आहे. त्या कराराचं नाव सांगून कोणी एजंट तुम्हाला ॲडमिशन देतो म्हणाला, तर तिथून सरळ घरी या.

आपल्यासारख्या घरातल्यांसाठी त्यातल्या त्यात परवडणारा रस्ता म्हणजे एक्सचेंज. फी इथल्या कॉलेजात भरायची, एक सत्र तिकडे शिकायचं, तिकडचे गुण इकडे धरले जातात. शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तम. मी तशीच गेले, एप्रिल 2014 मध्ये, बर्लिनला, एका सत्रासाठी. पहिल्या पंधरा दिवसांत तिथे जे कळलं, ते पुढच्या नोकरीतही मला तितकंसं कळलं नाही. म्हणून तेच सांगते.

तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवणं. हसू नका. जर्मन इमारतींत बहुधा फ्लॅटला नंबर नसतो. पत्त्यात रस्ता असतो, इमारतीचा क्रमांक असतो आणि तुमचं आडनाव असतं. पोस्टमन ते नाव घंटीवर आणि पेटीवर शोधतो. नाव नसेल तर पत्र परत. बँकेचं कार्ड एका पत्राने येतं, पिन दुसऱ्या पत्राने, आरोग्य विम्याचं कार्ड तिसऱ्या. माझ्या वर्गातल्या एका बांगलादेशी मुलाचं कार्ड दोनदा परत गेलं, कारण तो ज्याच्या खोलीत राहत होता त्याने पेटीवर दुसरं नाव लावू दिलं नव्हतं. तो मुलगा देशात होता, शहरात होता, पण त्या शहराच्या हिशेबी कुठेच नव्हता.

गोंदियाच्या आमच्या घरावर दादांचं नाव होतं, मग अब्बांचं आलं. माझं नाव कुठल्याही दारावर पहिल्यांदा लागलं ते बर्लिनमध्ये. पांढऱ्या कागदाचा तुकडा, वर सेलोटेप. त्याचा मी फोटो काढून घरी पाठवला. अम्मीने विचारलं, ‘इसमें क्या देखना है?’

दुसरं काम नोंदणीचं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा. त्याशिवाय पुढची बरीचशी कामं अडतात. आता त्यासाठी घर देणाऱ्याची सहीसुद्धा लागते, म्हणून खोली ठरवतानाच विचारा: नोंदणी करू देणार का? नाही म्हणाला तर ती खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. बर्लिनमध्ये या कार्यालयाची वेळ मिळणं हे एक वेगळंच युद्ध आहे. सकाळी लवकर वेबसाइट उघडायची, कुणीतरी रद्द केलेली वेळ सापडते.

त्या अर्जात धर्माचा रकाना आहे. मी थबकले. मुसलमान म्हणून वाढलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला हे थबकणं ओळखीचं असेल. लिहावं, सोडावं, कुणी काय अर्थ काढेल? खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, हा करासाठी आहे. जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून सरकारच चर्च कर गोळा करून देतं, बर्लिनमध्ये आयकराच्या 9 टक्के. तुमच्यासाठी हा रकाना कामाचा नाही, पुढे चला. बस. कारण विचारलं, कारण मिळालं, आणि भीती गेली.

पण गोष्ट इथे संपत नाही. याच देशात मे 1939 मध्ये जनगणना झाली, तेव्हा प्रत्येक घराला एक जादा कार्ड दिलं होतं. तुमच्या आजी-आजोबांपैकी कोण वंशाने ज्यू होतं, ते त्यात भरायचं होतं. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बर्लिनच्या फुटपाथवर चालताना मध्येच पितळेचा एक चौकोनी तुकडा दिसतो, तळहाताएवढा. त्यावर लिहिलेलं असतं: इथे राहत होते. मग नाव, जन्माचं वर्ष, कुठे नेलं, कधी मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराने 1990च्या दशकात हे दगड बसवायला सुरुवात केली, आज युरोपभर त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. माझ्या खोलीपासून ट्रेनच्या स्टेशनपर्यंत चार होते. त्यातले दोन एका आईचे आणि मुलीचे. त्या बायकांचंही नाव कधीतरी याच रस्त्यावरच्या एखाद्या घंटीवर असेल.

त्या अनुभवातून तो समाज काही शिकला, आणि सरकारने आपणहून शिकवलं असं नाही. 1983 मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणना होणार होती, लोकांनी विरोध केला, कोर्टात गेले. 15 डिसेंबर 1983 ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की आपली माहिती कोणाला आणि कशासाठी द्यायची हे ठरवणं हा माणसाचा हक्क आहे. जनगणना 1987 पर्यंत पुढे गेली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं ते 24 ऑगस्ट 2017 ला. मी रोज डेटाबेसवर काम करते. तक्त्यात एक रकाना वाढवायला मला दोन मिनिटं लागतात, त्यात भरलेलं नंतर कोण वापरेल हे मला सांगता येत नाही. म्हणून फॉर्म भरताना घाबरून खोटं लिहू नका आणि निमूटपणेही लिहू नका. हा रकाना कशाला, हे विचारा. इथल्या तहसीलमध्येही विचारा.

आता कोणी म्हणेल, तिकडे सगळं छान आणि इकडे सगळं वाईट असं सांगायला ही आली. तसं नाही. तुर्की किंवा अरबी आडनावाच्या माणसाला जर्मनीत घर मिळायला जास्त वणवण करावी लागते. 2006 पासून भेदभावाविरुद्ध कायदा आहे, त्यात घरभाडंही येतं, पळवाटाही आहेत. 19 फेब्रुवारी 2020 च्या रात्री हानाउ शहरात एका वर्णद्वेष्ट्याने स्थलांतरित घरांतल्या नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर तिथल्या तरुणांनी एकच आग्रह धरला: मारणाऱ्याचं नाव घेऊ नका, मेलेल्यांची नावं घ्या.

आणि इथे? नोकरी लागल्यावर एका मोठ्या शहरात मी घर बघत होते. फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की ‘मालकांना विचारून कळवतो’. असं सात वेळा झालं. इथे भाड्याच्या घरात धर्मावरून नकार देणाऱ्याला थेट अडवणारा देशभराचा कायदा नाही, आणि 2005 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी सोसायटीचा ‘फक्त आपल्यातलेच’ हा नियम कायम ठेवला. पण आपल्या मोहल्ल्यात काय चालतं? दुसऱ्या मसलकच्या माणसाला खोली देताना आपण कितीदा विचार करतो? बौद्ध मुलाला? एकट्या राहणाऱ्या मुलीला? तक्रार करताना हेही तोंडावर यायला हवं.

मुलींबद्दल बोलायचंच आहे. गेल्या आठवड्यापासून माझ्याकडे आलेल्या मेसेजेसमध्ये मुलगे ब्लॉक्ड अकाउंट विचारतात, मुली विचारतात, घरी कसं सांगितलं? माझ्या वेळी फुफूने महरमचा मुद्दा काढला होता. आज तो काढला तर सांगा की 2018 पासून भारत सरकारच्या हज धोरणात 45 वर्षांवरच्या बायका चौघींच्या गटाने महरमशिवाय जाऊ शकतात, आणि पुढे सौदी सरकारनेही ती अट काढली. हजला चालतं ते इंजिनिअरिंगला का चालू नये?

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या. सासरे कोण? महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं. त्यांचाही सुनेच्या जाण्याला विरोध होता. नवरा दिनकर पाठीशी उभे राहिले, जीवराज मेहतांनी पैशांची मदत केली आणि त्या गेल्या. डाहलेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो का, हे बघायचं होतं. तसं काही आढळत नाही, असं त्यांनी लिहिलं आणि 1930 मध्ये डॉक्टरेट घेतली. आपल्या परीक्षकाला नको असलेलं उत्तर परक्या देशात, परक्या भाषेत लिहिणं! ती इमारत अजून आहे, दाराशी संस्थेच्या इतिहासाची पाटी आहे. मी दुसऱ्या रविवारी तिथे गेले. (रविवारी दुसरं करणार काय? दुकानं बंद. रविवारच्या सुट्टीला तिथे 1919 पासून घटनेचं संरक्षण आहे. ईस्टरला तर शुक्रवार, रविवार, सोमवार, तिन्ही दिवस बंद, त्यामुळे गुरुवारीच तांदूळ भरून ठेवा.)

मुलांसाठीही एक नाव आहे. झाकिर हुसैन 1922 मध्ये बर्लिनला गेले, 1926 मध्ये अर्थशास्त्रात डॉक्टर होऊन परतले आणि मोडकळीला आलेली जामिया उभी केली. दरम्यान बर्लिनच्या कावियानी छापखान्यातून त्यांनी ग़ालिबचा दीवान छापून घेतला. म्हणजे आपली भाषा सोडली नाही आणि त्यांची भाषा टाळलीही नाही. त्याच काळात विल्मर्सडॉर्फ भागात लाहोरच्या अहमदियांनी मशीद बांधली. जर्मनीत आज उभ्या असलेल्या मशिदींत ती सर्वांत जुनी. इथे ज्यांना आपण मुसलमान म्हणायला तयार नसतो, त्यांनी बांधलेली. मी तिथे गेले आहे, चहा पिऊन आले आहे.

एक इशारा देते. पहिल्या आठवड्यात देशी ग्रुप तुम्हाला शोधून काढेल. डाळभात मिळेल, बरं वाटेल. त्यांच्याकडे जा, पण राहायला जाऊ नका. गोंदियाच्या पोरांना भाषेची भीती कशाला? घरात उर्दू-हिंदी, शाळेत मराठी, बाजारात पोवारी आणि छत्तीसगढी, एवढं आपण कुणी न शिकवता बोलतो. जर्मन ही पाचवी. ती मात्र जाण्याआधी निदान ए-टूपर्यंत शिका, कारण नागरिक कार्यालयात सगळे इंग्रजी बोलतीलच असं नाही, आणि मघाशी म्हटलं ते ‘हा रकाना कशाला?’ हे विचारायला भाषा लागते.

ज्यांनी कागदपत्रं आणली आहेत त्यांनी जेवणानंतर मागच्या खोलीत या, एकेक बघू. पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळतं का ते आत्ताच तपासा. मुलींच्या बाबतीत शाळेने बापाचं नाव कुठे जोडलेलं असतं, कुठे नसतं, आणि नेमकं तिथेच अडतं. आता प्रश्न विचारा. आधी मागच्या रांगेतल्या मुली.